दम लागतो, पण कारण सापडत नाही

डोंगर चढताना दम सगळ्यांनाच लागतो. नर्मदाकाठच्या पाड्यावरून धडगावच्या बाजाराला निघालेला धडधाकट माणूसही चढावर दोन-तीन ठिकाणी टेकतो. त्यामुळे अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यात कुणी ‘मला दम लागतो’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. दवाखान्यात गेले तर उत्तरही लगेच मिळते. रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या. मूल असेल तर वजन कमी आहे, आहार वाढवा.

ही उत्तरे खोटी नसतात. नंदुरबार जिल्ह्यात रक्तक्षय आहे, कुपोषण आहे, सिकलसेल आहे, क्षयरोग आहे, चुलीचा धूर आहे. अडचण इथेच येते. दम लागण्याचे एक खरे कारण हाती लागले की दुसरे शोधायचे राहून जाते, आणि जन्मापासून हृदयात असलेला दोष त्या पहिल्या कारणाआड वर्षानुवर्षे लपून राहतो. म्हणून या लेखाचा सारा भर एका गोष्टीवर आहे. सापडलेल्या कारणावर उपचार करूनही दम कमी झाला नाही, तर हृदय तपासून घ्यायचेच. ते का, कसे, कुठे, आणि निदान होईपर्यंत दिवस कसे काढायचे, हे क्रमाने पाहू.

हृदयाचे काम आणि त्यातले दोष

हृदयाला चार कप्पे असतात. उजवीकडचे दोन कप्पे शरीरातून परत आलेले, ऑक्सिजन संपत आलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतात. डावीकडचे दोन कप्पे फुप्फुसांतून आलेले ताजे रक्त सगळ्या शरीराला पुरवतात. मध्ये पडदा असतो, म्हणून दोन्हीकडचे रक्त मिसळत नाही. फुप्फुसे हृदयाला लागूनच असल्यामुळे उजव्या बाजूला फार जोर लावावा लागत नाही. तिथला वरचा दाब साधारण 25 असतो. डाव्या बाजूला डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत रक्त पोचवायचे असते, म्हणून तिथला दाब 120 च्या आसपास जातो.

या पडद्यात छिद्र राहिले तर काय होते? उतारावरच्या दोन वाफ्यांमधला बांध फुटला की वरच्या वाफ्यातले पाणी खालच्या वाफ्यात शिरते आणि तो चिभडतो. हृदयातही रक्त जास्त दाबाच्या डाव्या बाजूकडून कमी दाबाच्या उजव्या बाजूला वाहते. नुकतेच फुप्फुसांतून आलेले रक्त पुन्हा फुप्फुसांकडेच ढकलले जाते. फुप्फुसांत रक्त साचते, ती जड होतात, श्वास ओढायला जास्त ताकद लागते. हृदयाला तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावे लागते. यातून दम लागतो.

दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांना हृदयाचा लहानमोठा जन्मजात दोष असतो. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षाला चारशे बाळे जन्मली, तर त्यांत अशी तीन-चार असणार. त्यांतले काही दोष इतके किरकोळ असतात की ते आपोआप बरे होतात. काही मात्र वेळेत सापडले नाहीत, तर जिवावर बेततात.

नेहमी आढळणारे दोष चार. खालच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्राला व्हीएसडी म्हणतात. हा सर्वांत जास्त आढळतो, आणि छिद्र मोठे असेल तर तान्हेपणीच त्रास देतो. वरच्या दोन कप्प्यांमधले छिद्र म्हणजे एएसडी. हे बहुधा बालपणी गप्प राहते आणि मोठेपणी डोके वर काढते. पीडीए म्हणजे गर्भात असताना लागणारी, जन्मानंतर काही दिवसांत बंद व्हायला हवी होती अशी एक रक्तवाहिनी उघडीच राहणे. चौथा दोष टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो. यात छिद्र असतेच, शिवाय फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. त्यामुळे ऑक्सिजन कमी असलेले रक्त थेट शरीरात जाते आणि मूल निळसर दिसते. फ्रेंच डॉक्टर फॅलो यांनी 1888 मध्ये याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून या दोषाला त्यांचे नाव पडले.

बाळाचे पहिले दोन महिने

मोठे छिद्र असलेले बाळ जन्मतः अगदी ठणठणीत दिसू शकते. दवाखान्यात तपासले, आवाज ऐकला, सगळे ठीक निघाले. याला कारण आहे. जन्माच्या वेळी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात आणि तिथला दाब जास्त असतो. दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा असल्यामुळे छिद्रातून फारसे रक्त वाहत नाही, आवाजही येत नाही. पुढच्या काही आठवड्यांत फुप्फुसांतला दाब उतरतो आणि रक्ताचा ओघ सुरू होतो. म्हणून त्रास बहुधा दीड-दोन महिन्यांच्या सुमाराला दिसू लागतो.

आशाताईंच्या गृहभेटींच्या वेळापत्रकात शेवटची भेट 42 व्या दिवशी असते. हृदयाच्या दृष्टीने हा दिवस मोलाचा आहे. त्या दिवशी चार गोष्टी पाहाव्यात. बाळ एका दमात पिते, की दोन घोट घेऊन थांबते, धापा टाकते आणि पुन्हा लागते? पिताना कपाळावर घाम फुटतो का? शांत झोपलेले असताना श्वासाचा वेग किती आहे? मागच्या भेटीपासून वजन वाढले का?

श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त, हा जलद श्वास. ताप, खोकल्यासोबत तो असेल तर न्यूमोनियाचा उपचार लगेच हवा. पण ताप नसताना श्वास जलद असेल, किंवा त्याच मुलाला वर्षात तीन-चार वेळा न्यूमोनिया झाला असेल, तर हृदयाचा संशय घ्यायलाच हवा. रक्त साचलेल्या फुप्फुसांना जंतुसंसर्ग लवकर होतो.

पोषण पुनर्वसन केंद्रातही हीच नजर लागते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, मूल तीव्र कुपोषित ठरले, दाखल झाले, आहार सुरू झाला. बहुतेक मुलांचे वजन काही दिवसांत चढू लागते. एखाद्याचे मात्र चढत नाही. अशा वेळी दोष आईला दिला जातो, ती नीट भरवत नाही म्हणून. खरे तर ज्या मुलाचे हृदय दुप्पट काम करते आहे, त्याची खाल्लेली ताकद श्वास घेण्यातच खर्च होते. नीट आहार मिळूनही वजन न वाढणे हे हृदय तपासण्याचे सबळ कारण आहे.

सातपुड्याच्या पट्ट्यात तान्ह्या बाळाला धाप लागली की पोटावर चटके देण्याची रीत आजही पुरती गेलेली नाही. लेकरू वाचावे म्हणूनच घरचे ते करतात. पण चटक्याने हृदयातले छिद्र भरत नाही. जखम चिघळते आणि उपचाराचा वेळ जातो. भगताकडे जाणाऱ्या कुटुंबाला रागावण्यापेक्षा, त्याच दिवशी बाळाचा श्वास मोजून घ्या असे सांगणारा माणूस गावात असणे जास्त उपयोगाचे.

न दिसणारा निळेपणा

निळे ओठ, निळी नखे ही हृदयदोषाची खूण सगळ्यांना माहीत असते. नंदुरबारमध्ये मात्र या खुणेवर विसंबून चालत नाही. निळेपणा डोळ्याला दिसायला रक्तात ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे सुमारे पाच ग्रॅम असावे लागते. ज्या मुलाचे एकूण हिमोग्लोबिनच सात-आठ ग्रॅम आहे, त्याच्यात इतके साठतच नाही. ते मूल निळे दिसण्याऐवजी फिकट दिसते आणि फक्त रक्तक्षयाचे रुग्ण ठरते. त्वचा सावळी असेल तर निळसर झाक आणखी हुकते. म्हणून ओठांपेक्षा जीभ आणि हिरड्या पाहाव्यात, तेही दिवसाच्या उजेडात.

इथे ऑक्सिमीटर कामाला येतो. कोविडच्या काळात बोटाला लावायचे हे छोटे यंत्र गावोगावी पोचले. एप्रिल 2021 मध्ये देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना, तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात आधीच उभारलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांमुळे नंदुरबारचे नाव सर्वत्र झाले. तेव्हाचा ऑक्सिमीटर कुठे कपाटात पडला असेल, तर तो बाहेर काढावा. उजव्या हाताचे बोट आणि पायाचे बोट, दोन्हीकडे मोजावे. हात गरम असावा, नखाला मेंदी किंवा पॉलिश नसावे. आकडा पुन्हा पुन्हा 95 च्या खाली येत असेल, किंवा हात आणि पाय यांत तीनपेक्षा जास्त फरक असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. सिकलसेलच्या रुग्णात हा आकडा फसवा ठरू शकतो, तेव्हा तो डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आकडा 98 आला म्हणजे हृदयात छिद्र नाही, असे होत नाही. एएसडी, व्हीएसडी, पीडीए यांत ताजे रक्त उजवीकडे जाते, त्यामुळे शरीराला जाणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन पुरेसाच असतो. ऑक्सिमीटर निळ्या दोषांसाठी उपयोगी आहे. बाकीच्यांबद्दल तो काही सांगत नाही.

तिशीत लागणारा दम

मोठ्या माणसात सर्वांत जास्त हुलकावणी देतो तो एएसडी. वरच्या कप्प्यांमधला दाब कमीच असतो, म्हणून रक्त हळूहळू वाहते आणि उजवी बाजू वर्षानुवर्षे तक्रार न करता ताणली जाते. शाळेत खेळलेली, शेतात राबलेली बाई तिशी-चाळिशीत सांगू लागते की हंडा घेऊन चढता येत नाही, छाती धडधडते. हा दोष स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. गरोदरपणात शरीरातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, तेव्हा आजवर निभावून नेलेले हृदय थकते, आणि अनेकींना पहिला दम तेव्हाच लागतो. त्याच वेळी हिमोग्लोबिनही कमी असते, म्हणून दोष सगळा रक्तक्षयावर जातो.

यावर सोपी कसोटी आहे. हिमोग्लोबिन वाढल्यावर दमही त्या प्रमाणात कमी झाला पाहिजे. सातचे दहा झाले आणि दम तसाच राहिला, तर लोहाच्या गोळ्यांची आणखी एक पट्टी पुरेशी नाही. आता हृदयाची पाळी आहे.

जवळपासची इतर कारणे

हृदयाचा संशय घेताना बाकीची कारणे सोडून द्यायची नाहीत, ती एकेक करून तपासायची. भिल, पावरा या समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यात रक्तपेशी लवकर तुटतात, रक्तक्षय कायमचा राहतो, हृदय मोठे होते आणि कालांतराने फुप्फुसांतला दाबही वाढू शकतो. शिवाय रक्त पातळ झाल्यामुळे छातीत जो आवाज ऐकू येतो, तो छिद्राच्या आवाजासारखा वाटू शकतो. सिकलसेल आहे म्हणून छिद्र नसेल, असे मात्र समजू नये. एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

दुसरे कारण संधिवाती ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, काही आठवड्यांनी ताप येऊन मोठे सांधे एकामागून एक सुजतात, आणि पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात. हा दोष जन्मजात नाही, पण दम तसाच लागतो आणि तोही गरोदरपणात उघडा पडतो. यावर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते चुकवले तर झडपा आणखी बिघडतात.

तिसरे कारण फुप्फुसे. क्षयरोग बरा झाल्यावर राहिलेले व्रण, दमा, चुलीच्या धुराने आकसलेल्या श्वासनलिका. घरघर, रात्रीचा खोकला, हवामान बदलले की वाढणारा त्रास फुप्फुसांकडे बोट दाखवतो. चढाव, ओझे, धावणे यांनी वाढणारा आणि विसाव्याने कमी होणारा दम हृदयाचाही असू शकतो. आडवे झाल्यावर वाढणारा, उशा लावून बसल्यावर उतरणारा दम हृदयाची तपासणी मागतो.

डॉक्टरांना काय सांगायचे

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना एका रुग्णासाठी फार थोडा वेळ मिळतो. त्या वेळात ‘दम लागतो’ एवढेच सांगितले तर पुढचे सगळे त्यांच्या अंदाजावर राहते. ‘दमा आहे’ असे तर आपण होऊन सांगूच नये. तो निष्कर्ष आहे आणि तो तपासणीनंतर निघायला हवा.

त्यापेक्षा रोजच्या कामावरून सांगावे. झऱ्यावरून घरापर्यंत येताना मागच्या वर्षी किती वेळा थांबत होतो, आता किती वेळा थांबतो? मोहफुले वेचताना वाकल्यावर दम लागतो का? होळीला रात्रभर नाचणारा माणूस यंदा किती वेळात बाजूला बसला? शाळेत मूल खेळताना मध्येच उकिडवे बसते का? टेट्रॉलॉजीचे मूल धाप लागली की स्वतःहून उकिडवे बसते, कारण पाय दुमडल्याने पायांकडच्या रक्तवाहिन्यांतला विरोध वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे वळते. गुरुजींनी ही खूण हेरली, तर मुलाचे आयुष्य बदलू शकते.

याखेरीज चार प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत. घरात कुणाला हृदयाचा जन्मजात आजार होता का? कुणी तरुणपणी अचानक गेले का? गरोदरपणात आईला पुरळ आणि ताप आला होता का? आजवर कोणती औषधे घेतली आणि त्यांनी किती फरक पडला?

तपासण्यांची वाट

पहिली पायरी साधी आहे. हिमोग्लोबिन, सिकलसेलची चाचणी, ऑक्सिमीटर, रक्तदाब, स्टेथोस्कोप. डॉक्टरांनी मांडीतली नाडीही पाहावी. ती हाताच्या नाडीपेक्षा फार क्षीण असेल, तर महाधमनी अरुंद असण्याची शक्यता असते. छातीत जादा आवाज आला म्हणजे आजार आहेच असे नाही. अनेक निरोगी मुलांच्या हृदयातून असा आवाज येतो आणि मोठेपणी जातो. तसेच आवाज नसला म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही.

दुसरी पायरी छातीचा एक्स-रे आणि ईसीजी. एक्स-रेमध्ये हृदयाचा आकार आणि फुप्फुसांतला रक्ताचा भार दिसतो, ईसीजीमध्ये कोणत्या कप्प्यावर ताण आहे याचा अंदाज येतो. दोन्ही साधे निघाले तरी लहान-मध्यम छिद्र असू शकते.

निर्णायक पायरी तिसरी, टूडी इको. पोटाच्या सोनोग्राफीसारखीच ही तपासणी. सुई नाही, किरण नाहीत, दुखत नाही. छातीवर जेल लावून यंत्र फिरवतात आणि हलते हृदय पडद्यावर दिसते. पडद्यावरचे लाल-निळे रंग पाहून आईवडील घाबरतात, निळे म्हणजे अशुद्ध रक्त असे वाटते. ते रंग फक्त दिशा दाखवतात. यंत्राकडे येणारे रक्त लाल, दूर जाणारे निळे. छिद्र किती मोठे, रक्त किती वाहते, फुप्फुसांतला दाब किती, हे या तपासणीतून कळते. लहान मुलांचा इको शक्यतो मुलांच्या हृदयतज्ज्ञाने किंवा त्यात सराव असलेल्याने करावा.

अहवालात ‘पीएफओ’ असे लिहिलेले असले तर धीर सोडू नये. गर्भात असताना सगळ्यांच्याच हृदयात ती फट असते, आणि साधारण चारपैकी एका मोठ्या माणसात ती थोडी उघडी राहते. बहुतेकांना तिचा आयुष्यभर त्रास होत नाही, आणि दम लागण्याचे कारण सहसा ती नसते.

इको साधा निघाला आणि दम मात्र कायम, असेही घडते. तेव्हा अहवालात एक गोष्ट पाहायला सांगावी. हृदयाची उजवी बाजू मोठी झाली आहे का? ती मोठी असेल आणि कारण सापडत नसेल, तर शोध थांबवू नये. पडद्याच्या अगदी वरच्या टोकाला असलेले छिद्र, किंवा फुप्फुसांतून येणारी शीर चुकीच्या कप्प्याला जोडली जाणे, हे दोष छातीवरून केलेल्या इकोत निसटू शकतात. त्यासाठी अन्ननलिकेतून नळी घालून केलेला इको, सीटी किंवा एमआरआय लागतो. फुप्फुसांतला दाब नक्की मोजायचा असेल, तर मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तो मोजतात. उजवी बाजू साधी आणि हृदय निर्दोष निघाले, तर फुप्फुसांची फुंकर-चाचणी, थायरॉइड, आणि मनावरचा ताण यांकडे वळावे. ताणामुळे लागणारा दमही खरा असतो आणि त्यावर उपचार आहेत.

पाड्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत

मुलांसाठी वाट बऱ्यापैकी आखलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी महाराष्ट्रातल्याच पालघरला सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची यात तपासणी होते, आणि जन्मजात हृदयदोष व संधिवाती हृदयरोग हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येते. संशय आला की मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, तिथून इको आणि गरज असल्यास मोठ्या शहरात शस्त्रक्रिया. पथक येऊन गेले तेव्हा मूल घरी नव्हते, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नये. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगून थेट ग्रामीण रुग्णालयात न्यावे.

मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढे राज्यभर गेली आणि 2017 पासून आजच्या नावाने चालते. हृदयाच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठावे. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरच्या नावांत फरक असेल, तर तो गावातच दुरुस्त करून निघावे. मुंबईला पोचल्यावर एका अक्षरासाठी दिवस जातात. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मोफत होतात.

दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी कागद सोबत न्यावेत. इकोचा अहवाल, औषधाची चिठ्ठी आणि सिकलसेलचा निकाल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्ये घ्यावेत. सिकलसेलचा निकाल शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी विचारला नाही तरी त्यांना सांगावा. हृदय-फुप्फुस यंत्रावर शरीर थंड केले जाते, तेव्हा सिकलसेलच्या रक्तपेशी वाकू शकतात, आणि त्यासाठी आधीच तयारी करावी लागते.

उपचार आणि वेळ

प्रत्येक छिद्र बंद करावे लागत नाही. लहान व्हीएसडी बरेचदा पहिल्या काही वर्षांत आपोआप बंद होतो. तोवर ठरलेल्या वेळी इको करून लक्ष ठेवायचे. मोठ्या छिद्राच्या बाळाला लघवी वाढवणारी औषधे देऊन फुप्फुसांवरचा भार कमी करतात, आणि शस्त्रक्रिया साधारण पहिल्या वर्षातच करतात. अनेक एएसडी आणि पीडीए आज छाती न उघडता बंद करता येतात. मांडीतल्या शिरेतून जाळीची छत्री नेऊन छिद्रात बसवतात आणि रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो.

वेळेचे महत्त्व समजून घ्यायला अभिनेत्री मधुबालाचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांच्या हृदयात जन्मतः छिद्र होते. 23 फेब्रुवारी 1969 रोजी मुंबईत त्या गेल्या, तेव्हा वय होते 36. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र वापरून एएसडी बंद करण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया फिलाडेल्फियात केली ती 6 मे 1953 रोजी. म्हणजे मधुबाला विशीत पोचेपर्यंत जगातही हा उपचार नुकता उगवत होता. आज ती अडचण राहिलेली नाही. आज अडचण आहे ती उशिरा कळण्याची.

मोठे छिद्र वर्षानुवर्षे उघडे राहिले, तर जास्त रक्ताच्या माऱ्याने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. तिथला दाब डाव्या बाजूइतका होतो, मग रक्त उलटे वाहू लागते आणि माणूस निळा पडतो. याला आयझेनमेंगर म्हणतात. या टप्प्यावर छिद्र बंद करणे धोक्याचे ठरते. दाब उतरवणाऱ्या गोळ्यांनी आराम मिळतो, पण पहिली स्थिती परत येत नाही, आणि अशा स्त्रीला गरोदरपण जिवावर बेतू शकते. पहिल्या वर्षी जे पूर्ण बरे झाले असते, ते पंधराव्या वर्षी फक्त सांभाळता येते.

निदान होईपर्यंतचे दिवस

संशय आहे, तारीख मिळालेली नाही, किंवा इको झाला आणि पुढचा सहा महिन्यांनी आहे, असा काळ अनेकांना काढावा लागतो. या काळात अंथरुणाला खिळून राहायची गरज बहुतेकांना नसते. बोलता येईल इतपत वेगाने चालावे, दम लागला की थांबावे, ओझे दोन खेपांत आणावे. मूल खेळत असेल तर खेळू द्यावे. ते स्वतःच थांबते, त्याला पळवू नये आणि शर्यतीत उतरवू नये. आठवड्यातून एकदा त्याच वाटेने चालून किती वेळा थांबावे लागले ते वहीत लिहावे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते.

लोहाच्या गोळ्या, लसीकरण, क्षयरोगाची औषधे यांपैकी काहीही हृदयाच्या संशयावरून आपल्या मनाने बंद करू नये. सिकलसेल असेल तर लोह डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. दात रोज घासावेत. किडलेल्या दातांतले जंतू रक्तात उतरून हृदयाला चिकटू शकतात. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधी इको करून घ्यावा. आई, वडील किंवा आधीच्या मुलाला हृदयदोष असेल, तर गर्भातल्या बाळाचा इको साधारण 18 ते 22 आठवड्यांत करता येतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचे नाही, 108 ला फोन करायचा. बसल्या जागी दम, निळे ओठ, श्रम करताना शुद्ध हरपणे, खोकल्यातून रक्त, आडवे झोपता न येणे, बाळाने पिणे सोडणे. टेट्रॉलॉजीचे मूल रडता रडता निळे पडू लागले, तर त्याला कडेवर घेऊन त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरावेत, शांत करावे आणि तसेच रुग्णालयात न्यावे. रस्ता नसलेल्या पाड्यावर झोळी करून न्यावे लागणार असेल, तर कोण उचलेल, गाडी कुठवर येईल, हे आधीच ठरवून ठेवावे.

मुलीच्या हृदयात छिद्र आहे हे कळले की लग्न कसे होईल या भीतीने काही घरांत ते लपवले जाते. लपवल्याने ती भीती खरी ठरण्याची शक्यताच वाढते. वेळेत एएसडी बंद झालेली आणि फुप्फुसांचा दाब साधा असलेली स्त्री इतरांसारखी राबते, नांदते, मुले वाढवते. हे सांगणे नातेवाइकांचे, गुरुजींचे, आरोग्यसेविकेचे सगळ्यांचे काम आहे.

दम लागणाऱ्या माणसाला जिल्ह्यात बहुतेक वेळा एक उत्तर मिळते. ते घ्यावे, त्यावर उपचार करावा, आणि दीड-दोन महिन्यांनी स्वतःला विचारावे: फरक पडला का? पडला असेल तर चांगलेच. पडला नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, ‘रक्त वाढले तरी दम तसाच आहे. टूडी इकोसाठी चिठ्ठी द्या.’ एवढे मागणे हा प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे, आणि तो बजावताना संकोच करू नये.